एक संगणक, चोवीस मुलं: प्राथमिक शाळेत संगणक कसा शिकवावा

संगणकाच्या तासाला मुलांकडून ‘मॉनिटर म्हणजे काय, माऊसला बटणं किती’ हे पाठ करून घेणं मी काही वर्षांपूर्वी थांबवलं. आमची शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली ते चौथीचा पट चोवीस. साहित्य म्हणजे लोकवर्गणीतून आलेला एक डेस्कटॉप आणि दोन टॅब. दुपारच्या सत्रात वीज असेलच याची खात्री नाही. तरीही आमची चौथीची मुलं पडद्यावर स्वतःच्या सूचनांनी रांगोळी काढतात आणि ती बिघडली तर कुठे बिघडली हे स्वतः शोधतात. हे कसं करायचं, ते कुठल्याही साध्या शाळेत जमेल अशा क्रमाने इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. प्राथमिक वयात संगणक शिकवणं म्हणजे मुलाला नेमकी सूचना द्यायला शिकवणं आणि सूचना चुकली तर ती चूक शोधायला शिकवणं. टायपिंग, फाइल, फोल्डर हे सगळं ओघाने येतं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांच्या अभ्यासक्रमातही हा विषय याच अर्थाने आहे. आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंगचा उल्लेख सहावी ते आठवीच्या टप्प्यासाठी येतो, पण त्याची पायाभरणी पहिलीपासून करता येते आणि त्यासाठी फारसा खर्चही लागत नाही.

पहिले सहा आठवडे संगणक झाकून ठेवा

हे ऐकून पालक विचारतात, “बाई, मग संगणक घेतला कशाला?” त्यांना एकदा भेळेच्या तासाला बोलवा.

टेबलावर कुरमुऱ्यांचं बंद पाकीट, चिरलेला कांदा, चिंचेचं पाणी, एक पातेलं आणि चमचा ठेवायचा. मुलांना सांगायचं की आज बाई म्हणजे यंत्र आहेत. यंत्र सांगितलं तेवढंच करतं, स्वतःच्या मनाने काही करत नाही. मग सूचना सुरू होतात. “कुरमुरे घाला.” मी पाकीट न फोडता तसंच पातेल्यात ठेवते. वर्गात हशा पिकतो. “आधी पाकीट फोडा!” कुठून फोडू? “वरून!” फोडलं. “आता घाला.” किती? “दोन वाट्या.” वाटी टेबलावर नसते, तेव्हा वाटी आणायची सूचना आधी द्यावी लागते हे कुणाच्या तरी लक्षात येतं.

एक मूल फळ्याशी उभं राहून सूचना लिहीत जातं. सुरुवातीला मुलांना वाटतं, चार ओळींत भेळ होईल. तास संपेपर्यंत फळ्यावर पंधरा-सोळा ओळी झालेल्या असतात. शेवटी त्याच ओळी पहिल्यापासून वाचून दुसऱ्या मुलाकडून भेळ करून घ्यायची आणि सगळ्यांनी खायची.

या तासाला शिक्षकाने एकच पथ्य पाळायचं: अंदाज करायचा नाही. मूल अर्धवट बोललं की त्याच्या मनातलं ओळखून काम करून टाकायची आपल्याला सवय असते. ती इथे आवरायची. मात्र मुलाला ओशाळं वाटेल अशा पद्धतीने अडवू नका. “यंत्राला हे कळलं नाही, दुसऱ्या शब्दांत सांग” एवढं पुरतं.

फक्कीची चौकट

दुसऱ्या आठवड्यात मैदानात या. खेळाच्या मैदानाला मारतो ती फक्की घ्या आणि पाच बाय पाच घरांची चौकट आखा. घर साधारण दीड फुटाचं ठेवा, म्हणजे मूल त्यात नीट उभं राहतं. एका घरात पाण्याची बाटली, हे मुक्कामाचं ठिकाण. दोन-तीन घरांत चपला, त्या घरांत पाय ठेवायचा नाही. पुठ्ठ्याची तीन प्रकारची कार्डं करा: ‘पुढे’, ‘डावीकडे वळ’, ‘उजवीकडे वळ’. ‘पुढे’ची कार्डं जास्त लागतात, बारा तरी करा. बाकीची सहा-सहा पुरतात.

एक मूल चौकटीत उभं राहतं, तिघं-चौघं बाहेर बसून त्याचा रस्ता कार्डांनी मांडतात. इथे दोन अडचणी हमखास येतात, त्यांची तयारी ठेवा.

पहिली, ‘डावीकडे वळ’ म्हटलं की मूल डावीकडच्या घरात जातं. वळणं म्हणजे जागेवरच तोंड फिरवणं, घर बदलणं नाही, हे सांगून कळत नाही. पी.टी.च्या तासाला ‘बाएं मुड’ करतात तसं आधी पाच मिनिटं सगळ्यांकडून करून घ्या. दुसरी, मूल आपल्याकडे तोंड करून उभं असेल तर त्याचं उजवं आणि आपलं उजवं उलट होतं. बाहेर बसलेली मुलं गोंधळतात. यावर आमच्याकडे दोन उपाय चालतात. चौकटीतल्या मुलाच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधायचा, आणि बाहेरच्यांनी हवं तेव्हा उठून त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं. काही दिवसांनी ती उठायची थांबतात, बसल्या जागीच मान तिरकी करून मनात वळतात. ती तिरकी मान दिसली की समजावं, गोष्ट पोचली.

आणि एक नियम फार महत्त्वाचा आहे: एक कार्ड ठेवलं, मूल चाललं, मग दुसरं ठेवलं, असं करायचं नाही. सगळी कार्डं आधी जमिनीवर ओळीने मांडायची, मगच चालायचं. एकेक कार्ड ठेवलं तर मूल डोळ्यांनी बघून रस्ता काढतं. सगळी आधी मांडली तर त्याला पुढचा रस्ता मनात चालावा लागतो. प्रोग्राम लिहिणं म्हणजे नेमकं हेच.

मुलगा चपलेवर जाऊन आदळला की बाहेरची मुलं सगळी कार्डं गोळा करून पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागतात. तिथे त्यांना थांबवा. “कितव्या कार्डापर्यंत बरोबर होता?” पाचव्यापर्यंत. मग पाच कार्डांना हात लावायचा नाही.

या खेळामागे मोठी परंपरा आहे. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात एक कासव आलं. पुढे, डावीकडे, उजवीकडे अशा सूचना दिल्या की ते जमिनीवर किंवा पडद्यावर रेघ ओढत चालायचं. मुलाने स्वतः कासव होऊन चालून बघावं, म्हणजे भूमिती त्याच्या अंगात उतरते, असं पॅपर्ट यांचं म्हणणं होतं. फक्कीच्या चौकटीत मूल तेच करत असतं.

पुन्हा पुन्हा, आणि जर-तर

चौकटीत फिरून मूळ जागी यायला सांगितलं की मुलं ‘पुढे, पुढे, उजवीकडे वळ’ हा गट चारदा मांडतात. तेच तेच मांडून कुणीतरी कुरकुरतं. तेव्हा एक नवं कार्ड द्या: ‘४ वेळा’, सोबत सुतळीचं एक कडं. कड्यात ठेवलेली कार्डं चारदा करायची. लेझीम खेळणाऱ्या मुलांना हे समजवावं लागत नाही. आठ आकड्यांचा एक प्रकार, तोच चार वेळा, मग दुसरा, हे त्यांना आधीच ठाऊक असतं.

जर-तरसाठी परिपाठानंतरची पाच मिनिटं पुरतात. “जर तुझ्या नावात र असेल तर टाळी वाजव, नाहीतर खाली बस.” मग ‘आणि’ येतं: नावात र आहे आणि चौथीत आहेस. ‘किंवा’पाशी मात्र सावकाश जा. घरी ‘चहा किंवा दूध’ म्हणतात तेव्हा दोन्हींपैकी एकच मिळतं. संगणकाच्या ‘किंवा’मध्ये दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी चालतं. ज्या मुलाच्या नावात र आहे आणि जो चौथीतही आहे, त्याने ‘किंवा’ला टाळी वाजवायची की नाही? यावर मुलांना वाद घालू द्या. आमच्या वर्गात हा वाद मधल्या सुट्टीतही चालू राहिला होता.

पाच पुठ्ठे आणि महिन्याचे एकतीस दिवस

तिसरी-चौथीसाठी हा माझा सगळ्यात आवडता पाठ. मूळ कल्पना न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून जगभर पोचलेल्या ‘अनप्लग्ड’ उपक्रमातली, म्हणजे यंत्राशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याची.

पाच मोठे पुठ्ठे घ्या. एका बाजूला ठिपके काढा: १६, ८, ४, २, १. मागची बाजू कोरी. पाच मुलांना या क्रमाने ओळीत उभं करा, समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला १६ येईल असं. नियम एकच: पुठ्ठा एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. आधी मुलांनाच विचारा, १ च्या पुठ्ठ्यापासून बघत गेलं तर ठिपके कसे वाढतात? दुप्पट. मग पुढचा पुठ्ठा किती ठिपक्यांचा असता? कोपऱ्यातून ‘बत्तीस’ असा आवाज आला की पुढे जा.

आता जन्मतारखा घ्या. एकोणिसावी तारीख? १६ उघडा, ८ बंद, ४ बंद, २ उघडा, १ उघडा. उघड्याला १ आणि बंदला ० लिहिलं की फळ्यावर १००११ येतं. पाचही पुठ्ठे उघडले की बरोबर एकतीस होतात, त्यामुळे महिन्यातली एकही तारीख बाहेर राहत नाही. सगळ्यांच्या तारखा झाल्यावर हाताची पाच बोटं हेच पुठ्ठे समजायला सांगा: एका हातावर एकतीसपर्यंत मोजता येतं, दोन्ही हातांवर एक हजार तेवीसपर्यंत. मुलं घरी जाऊन आजोबांना दाखवतात.

संगणक सगळं काही अशा ‘आहे-नाही’तच साठवतो, हे यानंतर एका वाक्यात सांगितलं तरी कळतं. मग चित्र कसं साठवतो? गणिताची चौकटीची वही काढा आणि पाच बाय पाचचा चौकोन आखा. मी फक्त आकडे सांगते, मुलं घरं भरतात. पहिली ओळ: ५ काळे. दुसरी: ३ पांढरे, १ काळा, १ पांढरा. तिसरी: १ पांढरा, ३ काळे, १ पांढरा. चौथी: १ काळा, २ पांढरे, १ काळा, १ पांढरा. पाचवी: ३ पांढरे, १ काळा, १ पांढरा. वहीत ‘त’ उमटतो. शिरोरेषा म्हणजे पाच काळे, हे कळल्यावर मुलं आपापल्या नावाचं पहिलं अक्षर आकड्यांत लिहून एकमेकांना देतात. ‘क्ष’ आणि ‘श्री’ पाच घरांत मावत नाहीत, मग जास्त घरं लागतात. पडद्यावरचं चित्र कधी दाणेदार दिसतं ते का, हे इथेच उलगडतं.

पाठ्यपुस्तकाच्या पानावरचा क्यूआर कोडही अशाच काळ्या-पांढऱ्या घरांचा असतो, तो याच वेळी दाखवा. तो १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाला. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी त्याचा पाठ्यपुस्तकांसाठी वापर केला, आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. आपल्यासारख्याच एका जिल्हा परिषद शाळेची ही गोष्ट आहे, हे मुलांना जरूर सांगा.

आता संगणक उघडा

पहिली-दुसरीसाठी टॅबवर स्क्रॅच ज्युनिअर चांगलं. त्यात पडद्यावरचे सूचनांचे ठोकळे एकमेकांना जोडून प्रोग्राम करायचा असतो. ते २०१४ साली पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी निघालं. त्यातल्या ठोकळ्यांवर शब्द नाहीत, बाण आणि चित्रं आहेत, म्हणून वाचता न येणारं मूलही ते वापरू शकतं. तिसरी-चौथीसाठी डेस्कटॉपवर स्क्रॅच. ते अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने २००७ साली सर्वांसाठी खुलं केलं. दोन्ही मोफत आहेत. स्क्रॅचची ऑफलाइन आवृत्ती एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालते. गावात रेंज नसेल तर तालुक्याला जाऊन पेनड्राइव्हवर आणा.

ठोकळ्यांवरच्या इंग्रजीची धास्ती नको. मुलं ते आधी रंगाने ओळखतात: निळे हालचालीचे, पिवळे सुरुवातीचे, नारिंगी पुन्हा-पुन्हा आणि जर-तरचे. रोज लागणाऱ्या दहा-बारा ठोकळ्यांची चित्रं काढून खाली मराठी अर्थ लिहून भिंतीवर लावा. महिन्याभरात त्या तक्त्याकडे कुणी बघत नाही.

पहिल्या तासाला फक्त दोन ठोकळे: हिरवा झेंडा आणि ‘१० पावलं पुढे’. झेंडा दाबला की पडद्यावरचं स्क्रॅचचं मांजर जेमतेम हलतं. मुलं म्हणतात, बाई, बिघडलंय. बिघडलेलं काहीच नसतं, दहा पावलं फार लहान असतात. दहाच्या जागी शंभर लिहून बघू द्या. पडदा ४८० पावलं रुंद आणि ३६० उंच आहे, मधोमध शून्य. हे आधी सांगू नका. मांजर कडेला गेलं की मुलं स्वतःच विचारतात.

दुसऱ्या-तिसऱ्या तासाला चौरस. फक्कीच्या चौकटीत केलेलंच इथे करायचं: ४ वेळा, १०० पुढे, ९० वळ. रेघ उमटायला ‘पेन’चे ठोकळे लागतात. ते आपोआप दिसत नाहीत, खाली डाव्या कोपऱ्यातल्या बटणातून ते घ्यावे लागतात. हे शिक्षकाने आदल्या दिवशी करून बघावं, नाहीतर ते शोधण्यातच तास जातो.

मग त्रिकोण. इथे घाई करू नका, दोन तास द्या. ‘३ वेळा, १०० पुढे’ इथपर्यंत सगळी येतात, वळायचं किती यावर अडतात. ९० घातलं की आकृती उघडीच राहते. ६० घातलं तरी उघडीच, अर्ध्या षटकोनासारखी. आपण मोठी माणसंही समभुज त्रिकोणाचा कोन साठ म्हणून ६०च घालतो. पण मांजर आतला कोन वळत नाही, चालता चालता बाहेरच्या बाजूने वळतं. मुलांना जमिनीवर मोठा त्रिकोण आखून द्या आणि त्यावर चालायला लावा. घरी परत येईपर्यंत एक पूर्ण गिरकी होते, म्हणजे ३६०, आणि ती तीन वळणांत वाटायची. चौथीच्या मुलाला भागाकार येतो: ३६० भागिले ३, १२०. मग चौरसाचे ९० का, हेही आपोआप कळतं. पाच, सहा, आठ बाजू मुलं स्वतः करतात. त्यानंतर तो आकार थोडा थोडा फिरवत बारा वेळा काढला की पडद्यावर रांगोळी उभी राहते.

चूक कशी शोधायची

स्क्रॅचमध्ये एक चूक प्रत्येक वर्गात येते. काल चौरस बरोबर आला, आज तोच प्रोग्राम तिरका चौरस काढतो. मांजर काल जिथे आणि जिकडे तोंड करून थांबलं, तिथूनच आज निघतं, आणि कालच्या रेघाही तशाच असतात. उपाय म्हणजे सुरुवातीलाच तीन ठोकळे: सगळं पुसा, मधोमध या, तोंड उजवीकडे करा. पण हे तीन ठोकळे आधीच सांगू नका. चूक आल्यावर सांगितले तर आयुष्यभर लक्षात राहतात.

चूक आली की मी तीन प्रश्न विचारते आणि ते फळ्याच्या कडेला कायम लिहिलेले असतात. काय व्हायला हवं होतं? काय झालं? कुठपर्यंत बरोबर होतं? मूल तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलं की मी तिथून बाजूला होते. माऊसला हात लावत नाही. तीस सेकंदांत मला दुरुस्त करता येतं, मुलाला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं हाच संगणकाचा तास आहे.

मुलांना एक खरी गोष्ट सांगा. १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क २ या संगणकात बिघाड झाला, तेव्हा आत रिलेमध्ये, म्हणजे विजेच्या एका स्विचमध्ये, एक पतंग (दिव्याभोवती घिरट्या घालतो तो किडा) अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो किडा नोंदवहीत चिकटवून ठेवला. प्रोग्राममधल्या चुकीला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात, म्हणून आमच्या वर्गातही एक ‘किड्यांची वही’ आहे. कुणाला चूक सापडली की तो त्या वहीत तारीख, चूक आणि ती कशी सापडली हे लिहितो. वहीत जास्त नोंदी असलेल्या मुलाचा मान मोठा असतो.

एका संगणकावर चोवीस जण

जोड्या करा. एक चालक, एक वाटाड्या. चालकाच्या हातात माऊस, पण पुढे काय करायचं हे वाटाड्या सांगतो. दर सात मिनिटांनी घंटा आणि अदलाबदल. एका वेळी एक जोडी डेस्कटॉपवर, दोन टॅबवर, बाकीच्या वहीत पुढचा प्रोग्राम कागदावर मांडत किंवा फक्कीच्या चौकटीत. कागदावर प्रोग्राम लिहिल्याशिवाय संगणकावर नंबर लागत नाही, म्हणून कागदाचं काम मन लावून होतं.

घंटा प्रामाणिकपणे वाजवा. ती नसली की माऊस धीट मुलाच्या हातात राहतो, आणि बहुतेक वेळा तो मुलगा असतो. मुली शेजारी बसून बघत राहतात, आणि वर्षअखेर ‘मुलींना आवड नाही’ असं लिहिलं जातं. सुरुवातीच्या महिन्यांत मी मुलींच्या आणि मुलांच्या जोड्या वेगळ्या ठेवते, सराव झाला की मिसळते.

वीज जाते, म्हणून ‘दर अदलाबदलीला सेव्ह’ ही सवय लावा. फाइलचं नाव हजेरी क्रमांक आणि कामाचं नाव, उदाहरणार्थ ‘७ चौरस’. सगळ्यांनी ‘मांजर’ नाव दिलं तर दुसऱ्या दिवशी कुणाचंच काम सापडत नाही.

फोन, नाव आणि ओटीपी

हा भाग छोटा आहे, पण सोडू नका. मुलं संध्याकाळी घरातल्या फोनवर असतात. तिसरीपासून चार गोष्टी पक्क्या करा: आपलं पूर्ण नाव, गाव, शाळा, फोन नंबर कुठल्याही खेळात टाकायचा नाही. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही वाचून दाखवायचा नाही, समोरचा ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाला तरी. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय पाठवायचा नाही. आणि पडद्यावर भीती वाटेल असं काही दिसलं तर फोन उलटा ठेवून मोठ्या माणसाला सांगायचं. सांगणाऱ्या मुलाला रागावणार नाही, हे वचन पालकांकडून सभेत सगळ्यांसमोर घ्या. रागाच्या भीतीने मुलं गप्प बसतात.

नोंदी कशा ठेवायच्या

लेखी परीक्षा नको. आकारिक मूल्यमापनासाठी मी दोनच गोष्टी बघते. मुलाला चार-पाच ओळींचा तयार प्रोग्राम दाखवते आणि चालवण्याआधी वहीत काय होईल ते काढायला सांगते. मग एक मुद्दाम बिघडवलेला प्रोग्राम देते आणि तो दुरुस्त करताना मूल काय बोलतं ते ऐकते. “इथपर्यंत बरोबर आहे, इथून बिघडलंय” असं म्हणणाऱ्या मुलाला सगळं आलेलं असतं, उत्तर अजून सापडलं नसलं तरी.

मार्चमध्ये चौथीच्या मुलांना एक काम देते: पहिलीच्या मुलांसाठी फक्कीची चौकट आखायची, चपला कुठे ठेवायच्या ते ठरवायचं आणि त्यांना खेळ शिकवायचा. मागच्या वर्षी पहिलीतली एक मुलगी वळायच्या ऐवजी सारखी बाजूच्या घरात जात होती. तिला शिकवणारा चौथीतला मुलगा काही बोलला नाही. वर्गात गेला, लाल दोरा घेऊन आला आणि तिच्या उजव्या मनगटाला बांधला.